व्हेनिसमध्ये मुलांना घेऊन फिरायचं तर किलोमीटर नको, पूल मोजा

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मेच्या सुट्टीत रोमहून ट्रेनने व्हेनिसला तीन रात्रींसाठी जायचंय. सोबत नवरा, चार वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुक्काम मेस्त्रेत करावा की बेटावर? बाबागाडी न्यावी का? बोटीचा पास परवडतो का? कालव्यांना कठडे नसतात म्हणे, मग लहान पोर सांभाळायचं कसं? आणि गोंडोलात बसायलाच हवं का? मराठी कुटुंबांना इटली फिरवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

व्हेनिस नकाशावर लहान दिसतं, आणि ते आहेही लहान. स्टेशनपासून सान मार्कोच्या मुख्य चौकापर्यंत धडधाकट माणूस पाऊण तासाच्या आत चालत पोचतो. इथेच लोक फसतात. फोनवर ‘बारा मिनिटं’ दिसतं आणि सगळे चालायला लागतात. पण हे शहर शंभराहून जास्त बेटांवर वसलंय आणि त्यांना जोडणारे पूल चारशेच्या वर आहेत. बहुतेक पुलांना पायऱ्या असतात, चढायच्या आणि पलीकडे उतरायच्या. त्या बारा मिनिटांत सहा पूल लागले तर आजींचे गुडघे बोलायला लागतात आणि चार वर्षांचं पोर ‘कडेवर घे’ म्हणून हात वर करतं. म्हणून कुठेही निघण्याआधी नकाशा मोठा करून वाटेतले पूल मोजायची सवय लावून घ्या. पाचच्या वर जात असतील तर बोट बघा. बाकीची सगळी आखणी यावरून आपोआप ठरते, मुक्कामसुद्धा.

मेस्त्रे म्हणजे मुख्य भूमीवरचं शहर. हॉटेलं स्वस्त, इमारतींना लिफ्ट, आणि व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनवर ट्रेन दहा-बारा मिनिटांत पोचवते. ग्रुप टूरवाले तिथे उतरवतात ते उगीच नाही. पण लहान मूल बरोबर असलं की मेस्त्रेचा एक मोठा तोटा आहे: दुपारी खोलीवर जाऊन तासभर आडवं होता येत नाही. सकाळी बाहेर पडलात की रात्रीपर्यंत बाहेरच. व्हेनिसची गर्दी सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत असते, कारण बरेचसे लोक दिवसापुरते आलेले असतात. खरं शहर भेटतं ते सकाळी आठला आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी खोलीवर झोपून संध्याकाळी ताजंतवानं बाहेर पडणं बेटावर राहिलं तरच जमतं. तीनच रात्री आहेत, तर पैसे इथे घाला आणि दुसरीकडे वाचवा.

बेटावर कुठे राहायचं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. स्टेशनमधून बाहेर पडून डावीकडे वळलं की लिस्ता दी स्पान्या नावाचा रस्ता लागतो. तो सान जेरेमिया चौकातून पुढे गूल्ये पुलापर्यंत जातो आणि तेवढ्या टप्प्यात एकही पूल नाही. सामानाच्या बॅगा ओढत, आजींना धरून, सपाट रस्त्याने हॉटेलात पोचता येतं. रस्ता दिसायला बाजारू आहे, मुखवट्यांची आणि काचेच्या मण्यांची दुकानं दोन्ही बाजूंना, कबूल. पण गूल्ये पुलाच्या अलीकडे डावीकडे कालव्याच्या काठाने वळलात की साव्होर्ञान नावाची बाग आहे. झोपाळे, घसरगुंडी, झाडं, बाकं. शाळा सुटल्यावर आसपासची मुलं तिथे येतात. तुमचा मुलगा अर्ध्या तासात त्यांच्यात मिसळेल, भाषेचं काही अडत नाही. हॉटेल ठरवताना मात्र स्पष्ट विचारा: लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे का? जुन्या घरांत पहिल्या मजल्यापर्यंत जिना आणि मग लिफ्ट असा प्रकार चिक्कार.

पत्त्याचंही सांगून ठेवते. व्हेनिसचे सहा भाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नसून अख्ख्या भागाला सलग दिलेले असतात, आणि ते हजारांत जातात. हॉटेलच्या कागदावर नुसतं ‘कान्नारेजो’ आणि चार आकडी नंबर असेल तर तेवढ्यावर घर सापडणं कठीण. हॉटेलला विचारून जवळचा चौक, गल्लीचं नाव आणि बोटीचा थांबा लिहून घ्या. अरुंद गल्ल्यांमध्ये फोनवरचा निळा ठिपका भरकटतो. भिंतींवर ‘रियाल्तो’, ‘सान मार्को’, ‘फेरोव्हिया’ म्हणजे स्टेशन, अशा पिवळ्या पाट्या असतात, त्या जास्त भरवशाच्या. कधीकधी एकाच ठिकाणाचे बाण दोन्हीकडे दाखवलेले दिसतात. दोन्हीही बरोबर असतात, गोंधळून जाऊ नका. पाट्या शोधायचं काम मुलीवर सोपवा. नऊ वर्षांच्या मुलांना यात भलतीच मजा येते, आणि वाटाड्या झालेलं मूल कुरकुर करत नाही.

आता बोटी. इथली सार्वजनिक बोट म्हणजे वापोरेत्तो. ती या शहराची बस आहे, पण मुलांच्या लेखी तीच खरी सहल. १ नंबर मोठ्या कालव्यातल्या (ग्रँड कॅनाल) जवळजवळ प्रत्येक थांब्यावर थांबत सान मार्कोला जाते आणि पुढे लिदो या समुद्राकाठच्या बेटाला. स्टेशनवरून सान मार्कोला सुमारे पाऊण तास लागतो. २ नंबर कमी थांबे घेते. ४.१, ४.२, ५.१, ५.२ या बाहेरून फेरी मारतात. मोठ्या कालव्याची गर्दी टाळायची असेल तेव्हा त्या सोयीच्या. १ आणि २ नंबर दोन्ही दिशांना जातात, तेव्हा चढण्याआधी धक्क्यावरच्या पाटीवर दिशा वाचा. मोठ्या थांब्यांवर ए, बी, सी असे वेगवेगळे धक्के असतात, चुकीच्या धक्क्यावर उभं राहिलात तर आपली बोट शेजारून निघून जाताना बघावी लागते. थांब्याचा धक्का पाण्यावर तरंगता असतो आणि बोट टेकली की दचका बसतो. त्या क्षणी चार वर्षांच्या मुलाचा हात हातात हवाच. बोटीवरचा कर्मचारी दोरखंड खुंट्याला अडकवतो, आडवा दांडा सरकवतो आणि मगच लोक उतरतात. आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, मग चढायचं, पाठीवरची सॅक पुढे घ्यायची. डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला हे शिकवायला नको.

बसायला जागा हवी तर स्टेशनवरून चढू नका. १ नंबर पियात्साले रोमा या बसस्टँडकडून भरत येते. पास असेल तर उलट्या बोटीने एक थांबा मागे जाऊन तिथे चढा. बोटीच्या मागच्या टोकाला उघड्यावर काही बाकं असतात, काही बोटींना पुढेही असतात. ती जागा मिळाली तर पाऊण तास मुलं जागची हलत नाहीत. तुमची पहिली संध्याकाळ मी अशीच घालवीन. ट्रेनमधून उतरा, सामान टाका, तासभर पाय पसरा, आणि सातच्या सुमाराला १ नंबरने मोठा कालवा पार करा. मेमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो.

या फेरीत मुलांना राजवाड्यांची नावं सांगत बसू नका. त्यांना बोटी मोजू द्या. शहराच्या आत चाकाचं वाहनच नाही, त्यामुळे सगळं काही बोटीने होतं, आणि मुलांना हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. कचऱ्याच्या बोटीला क्रेन असते, ती काठावरची कचऱ्याची ढकलगाडी उचलून पोटात रिकामी करते. पिवळी रुग्णवाहिका-बोट भोंगा वाजवत लाटा उडवत जाते. पार्सलची बोट, सिमेंटच्या गोण्यांची बोट, वॉशिंग मशिन नेणारी बोट. का’ फोस्कारीजवळ अग्निशमन दलाचं ठाणं कालव्याकाठी आहे, कमानींखाली लाल बोटी तयार उभ्या असतात. पोलिसांची बोट वेगळी. मुलीच्या हातात एक वही द्या आणि यादी करायला सांगा. संपूर्ण सहलीचं हे सगळ्यात स्वस्त करमणुकीचं साधन आहे.

पासाचा हिशोब सोपा आहे. सध्या ७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरोला आहे आणि ७२ तासांचा पास ४५ युरोला. म्हणजे तीन दिवसांत पाच वेळा बोटीत बसलात की पास वसूल, आणि तुम्ही त्याहून कितीतरी जास्त वेळा बसाल. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, धाकट्याचा प्रश्न मिटला. मुलीसाठी ‘रोलिंग व्हेनिस’ नावाचं कार्ड घ्या. ते तरुणांसाठी आहे असं समजून लोक सोडून देतात, पण ते सहा ते एकोणतीस वर्षांच्या सगळ्यांना मिळतं. कार्डाचे ६ युरो आणि त्यावर ७२ तासांचा पास २७ युरोला, एकूण ३३. तुम्हा सहा जणांचे मिळून २१३ युरो होतात. दर अधूनमधून बदलतात, जाण्याआधी एकदा बघून घ्या. पास पहिल्यांदा यंत्रावर टेकवल्यापासून ७२ तास सुरू होतात, विकत घेतल्यापासून नाही. आणि प्रत्येक वेळी चढताना टेकवायचा. तपासनीस येतात, आणि विसरलो म्हटलेलं त्यांना चालत नाही. विमानतळाच्या फेऱ्या या साध्या पासात धरलेल्या नसतात, पण तुम्ही ट्रेनने येताय.

ट्रेनचं तेवढं सांभाळा: ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ आधी येतं, ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ शेवटचं. व्हेनिस आलं म्हणून घाईने मेस्त्रेला उतरणारी मंडळी दरवर्षी भेटतात. मेस्त्रे सुटलं की गाडी खाडीवरच्या पुलावर चढते, दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. मुलांना खिडकीशी बसवा.

बाबागाडी? मोठी, गादीवाली, चार टणक चाकांची अजिबात नको. प्रत्येक पुलावर तिला दोन माणसांनी पुढून-मागून धरून उचलायचं, वर मूल, हँडलला पिशव्या, आणि मागे लोकांची रांग. चार वर्षांचा मुलगा दुपारी झोपत असेल तर छत्रीसारखी मिटणारी, एका हाताने खांद्याला अडकवता येणारी हलकी गाडी आणा. झोपत नसेल तर तीही नको. दीड-दोन वर्षांचं बाळ असतं तर मी पाठीवरचं कॅरियर सांगितलं असतं. खांद्यावर बसवायचं असेल तर एक सावधगिरी घ्या. घरांच्या खालून जाणारे बोळ असतात, त्यांचं छत फार खाली असतं, काहींच्या तुळया तर उंच माणसाच्या डोक्याला लागतील अशा. वडील वाकतात, खांद्यावरच्या पोराचं डोकं वरच राहतं. बोळ आला की मूल खाली, हा नियमच करा.

एक छान सोय मात्र तुमच्या वेळेला नसेल असं धरून चाला. ऑक्टोबरच्या अखेरीस इथे मॅरेथॉन असते, त्यासाठी पाण्याच्या कडेकडेच्या बऱ्याच पुलांवर लाकडी उतार बसवतात आणि ते पुढे काही महिने तसेच ठेवतात. हिवाळ्यात बाबागाडी किंवा व्हीलचेअर घेऊन येणाऱ्यांना त्याचा मोठा आधार होतो.

पाण्याची भीती रास्त आहे. पुलांना कठडे असतात, पण कालव्याकाठच्या फरसबंद वाटांना अनेक ठिकाणी काहीच नसतं. फरशी संपते आणि पाणी सुरू होतं. तरी माझ्या मते काठापेक्षा पायऱ्या धोक्याच्या. ठिकठिकाणी पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या असतात, पूर्वी बोटीतून उतरायला केलेल्या. भरती ओसरली की खालच्या दोन-तीन पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ असतं. मुलांना त्या बोलावतात. त्या शेवाळावर मोठ्या माणसाचा बूटसुद्धा टिकत नाही. पहिल्याच दिवशी मुलांना अशी एक पायरी दाखवा आणि ‘हिरवं दिसलं की थांब’ एवढंच सांगा. ‘पाण्याजवळ जाऊ नको’ या शहरात निरर्थक आहे, कारण पाणी सगळीकडे आहे. ‘हिरव्यावर पाय नाही’ हे चार वर्षांच्या मुलाला कळतं आणि लक्षात राहतं. चालताना मूल भिंतीच्या बाजूला, मोठं माणूस पाण्याच्या बाजूला. कठडा नसलेले एक-दोन जुने पूलही शिल्लक आहेत, एक कान्नारेजोत आणि एक तोर्चेल्लो बेटावर. तिथे फोटोसाठी मुलांना एकटं उभं करू नका.

याउलट चौक निर्धास्त. इथे चौकाला काम्पो म्हणतात. मधोमध जुनी दगडी विहीर, कडेला चर्च, दोन-चार कॅफे, एखाद-दुसरं झाड, आणि संध्याकाळी फुटबॉल खेळणारी मुलं. गाडी येणार नाही ही खात्री असल्याने आईवडील निवांत कॉफी पीत बसलेले दिसतात. व्हेनिसमधली मुलं अशीच मोठी होतात. सान जाकोमो देल’ओरियो, सांता मार्गेरिता, सान पोलो हे चौक मुलांसाठी उत्तम. दर दीड-दोन तासांनी एक चौक येईल अशी वाट आखा आणि तिथे किमान अर्धा तास काढा. आजी-आजोबांनाही बाकावर बसायला मिळतं. मुलगी विहिरीबद्दल विचारेलच. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी कुठून? तर चौकात पडलेलं पावसाचं पाणी फरशीतल्या छिद्रांतून खाली जायचं, वाळूच्या थरातून गाळलं जायचं आणि मधल्या विहिरीत साठायचं. अख्खा चौक म्हणजे गाळणी. आता विहिरी बंद आहेत, पण चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटल्या भरून घ्या, विकत घेऊ नका.

काय बघायचं याची तुमची यादी मी निम्मी करणार आहे.

सान मार्कोला सकाळी आठला जा. चौक रिकामा असतो, मुलं पळू शकतात. कबुतरांना दाणे टाकायला बंदी आहे आणि पायऱ्यांवर बसून डबा उघडला तर दंड होतो, हे आधीच सांगून ठेवा. बॅसिलिकात, म्हणजे चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये, जायचं असेल तर वेळ आधी आरक्षित करा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठ्या सॅक आत नेऊ देत नाहीत. डोज म्हणजे जुन्या व्हेनिसचा राज्यप्रमुख; त्याच्या राजवाड्यात मुलांना सोनेरी छतं पाच मिनिटं पुरतात, पण ‘उसाशांचा पूल’ ओलांडून पलीकडच्या तुरुंगाच्या कोठड्यांत गेलं की ती जागी होतात. १७५६ मध्ये याच राजवाड्याच्या छपराखालच्या कोठडीतून कासानोव्हा हा व्हेनिसचा प्रसिद्ध रंगेल साहसवीर निसटला होता. कसा, ते मुलीला तिथेच उभं राहून सांगा.

घंटाघर वर जाऊन बघायचंय, पण रांग मोठी आहे? मग चौकाच्या शेजारच्या सान झाक्कारिया थांब्यावरून २ नंबरने समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावर जा, एकच थांबा. तिथल्या चर्चच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, गर्दी बरीच कमी, आणि वरून सान मार्को समोरच दिसतं, जे सान मार्कोच्या मनोऱ्यावरून दिसणं शक्य नाही. आजींना मी डोळे झाकून इथेच नेईन. खाली परत आल्यावर मुलांना समोरचा मनोरा दाखवा आणि सांगा की १४ जुलै १९०२ ला तो अख्खाच्या अख्खा कोसळला होता, एकाही माणसाचा जीव गेला नाही, आणि १९१२ मध्ये हुबेहूब पुन्हा उभा केला. ‘म्हणजे हा डुप्लिकेट?’ हा प्रश्न ठरलेला आहे.

तिथून २ नंबरने सान झाक्कारियाला परत या आणि मग १ नंबरने आर्सेनाले थांबा. व्हेनिसच्या आरमाराचा हा कारखाना. आत जाऊ नका, दरवाज्यातले दगडी सिंह बघा. त्यातला मोठा, बसलेला सिंह अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून १६८७ मध्ये लुटून आणलाय. त्याच्या अंगावर झिजलेली अक्षरं कोरलेली दिसतात, ती उत्तरेतल्या व्हायकिंग लोकांची लिपी आहे. ग्रीसचा सिंह, त्यावर व्हायकिंगांची अक्षरं, आणि उभा व्हेनिसमध्ये. नऊ वर्षांच्या मुलीला बॅसिलिकाच्या सगळ्या मोझेइकपेक्षा हे जास्त दिवस आठवेल. जवळच व्हिया गारिबाल्दी आहे, कालवा बुजवून केलेला रुंद रस्ता. सकाळी भाजीवाले बसतात, दुपारी कॅफे. तिथे जेवा आणि पुढे झाडीतून सांत’एलेनापर्यंत जा. मोठी बाग, मुलांची खेळणी, समोर पाणी. आणलेल्या दशम्या-चटणीचा डबा उघडायला याहून चांगली जागा या शहरात नाही. परतीला १ नंबर तिथूनच मिळते.

दुसऱ्या दिवशी बुरानो. काचकामाचं मुरानो आणि रंगीत घरांचं बुरानो ही दोन्ही बेटं एका दिवसात उरकणारे बरेच भेटतात. लहान मुलं असताना एकच निवडा, आणि तो बुरानो. फोन्दामेंते नोव्हेवरून १२ नंबरने पाऊण तासाचा प्रवास. रंगीत घरं, सपाट गल्ल्या, पूल थोडे आणि छोटे. ‘काचेचा कारखाना फुकट दाखवतो, बोटही फुकट’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. शेवट शोरूममध्ये होतो, आणि काचेच्या हजार वस्तूंच्या मधोमध चार वर्षांचं पोर उभं करायची हिंमत माझ्यात नाही. बुरानोहून तोर्चेल्लो पाच मिनिटांवर आहे. तिथे गवत आहे, शांतता आहे, आणि हूणांचा राजा अत्तिला याचं म्हणतात ते दगडी सिंहासन आहे. अत्तिलाचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण मुलांना बसून फोटो काढायला त्याचं काय!

तिसऱ्या दिवशी सकाळी रियाल्तोचा बाजार, मग निसर्ग-इतिहास संग्रहालय. हे संग्रहालय मराठी टूरच्या यादीत मी अजून तरी पाहिलेलं नाही. मोठ्या कालव्यावरच्या जुन्या तुर्की व्यापाऱ्यांच्या वाड्यात आहे, सान स्ताए थांब्याजवळ. सहारातून आणलेल्या उरानोसॉरस डायनासोरचा सांगाडा आत आहे. पाऊस लागला तर हा दिवस आधी घ्या. सान जाकोमो देल’ओरियो चौक तिथून दोन गल्ल्यांवर. दुपारनंतर लिदोला जावंसं वाटलं तर जा, वाळू आहे, पण मेमध्ये पाणी गारच असतं. आणि लिदोवर बस, गाड्या, सायकली आहेत. दोन दिवस वाहनांशिवाय बागडलेली मुलं बोटीतून उतरल्या उतरल्या रस्त्यावर धावतात. तिथे हात सोडू नका.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर पिझ्झा, पास्ता, पोलेंता, तीन कोपऱ्यांचे थंड सँडविच, आइस्क्रीम यावर मुलं खूश राहतात. ‘बिगोली इन सालसा’ नुसता सॉसचा पास्ता समजून मागवू नका, त्यात मासे असतात. दुपारी अडीचनंतर बऱ्याच खाणावळींचं स्वयंपाकघर बंद होतं ते सातपर्यंत, तेव्हा मुलांना भूक लागण्याआधी जेवा. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार लागतो, ती फसवणूक नाही, रीत आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहाला १.५० युरो पडतात. त्यापेक्षा कॅफेच्या काउंटरवर उभ्याने कॉफी घ्या आणि मुलांना आत नेऊन आणा.

प्रवेशशुल्काची बातमी तुम्ही वाचली असेल. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना ५ किंवा उशिरा भरल्यास १० युरो द्यावे लागतात. तुम्ही मुक्कामाला आहात, तुम्हाला माफ आहे, मेस्त्रेत राहिलात तरी माफ, कारण तेही याच नगरपालिकेत येतं. चौदा वर्षांखालच्यांना तसंही नाही. पण तुमचे दिवस त्या यादीत असतील तर नगरपालिकेच्या संकेतस्थळावर माफीची नोंद करून कोड घेऊन ठेवा. भरतीचं पाणी शहरात चढण्याची भीती मेमध्ये बाळगू नका. तो प्रकार मुख्यतः थंडीतला, आणि २०२० पासून खाडीच्या तोंडाशी बसवलेली दारं मोठ्या भरतीला बंद करतात.

मुलं हरवली तर काय, हे प्रत्येक कुटुंबाने आदल्या रात्री बोलून घ्यावं. इथे गल्ली दर वीस पावलांवर वळते, त्यामुळे मूल नजरेआड होतं ते क्षणात. नियम एकच: चुकलास तर जिथे आहेस तिथेच भिंतीला टेकून उभा राहा, आम्ही मागे येतो. मूल शोधायला निघालं की दोघंही फिरत राहतात. मुलाच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि तुमचा इटलीत चालणारा नंबर हवा. शेवटच्या माणसाचं काम आजोबांना द्या; सगळ्यांत मागे चालायचं आणि डोकी मोजायची. ते मनापासून करतात.

राहिला गोंडोला. अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हा दर बोटीचा आहे, माणशी नाही. पण एका गोंडोलात पाचच जण बसू शकतात आणि मुलंही मोजतात. तुम्ही सहा, म्हणजे दोन गोंडोले, १८० युरो. मी दोन गोष्टी सुचवते. दोर्सोदुरोत सान त्रोव्हासोला गोंडोले दुरुस्त करायचा जुना कारखाना आहे, कालव्याच्या अलीकडच्या काठावरून फुकट दिसतो. तिथे उलटे टाकलेले गोंडोले नीट बघा: डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते, म्हणजे बोट मुद्दाम वाकडी बांधलेली. वल्हं एकाच बाजूने मारतात, म्हणून सरळ बांधली असती तर गोल गोल फिरली असती. मग रियाल्तोच्या मासळीबाजाराच्या धक्क्यावर या आणि त्रागेत्तो घ्या. तोही गोंडोलाच, दोन नावाडी, मोठा कालवा आडवा पार करून सांता सोफियाला सोडतो, माणशी २ युरो. स्थानिक लोक उभ्याने जातात, तुम्ही आजींना आणि मुलांना बसवा. दोन-तीन मिनिटांत पलीकडे. एवढ्यावर मुलांचं समाधान झालं तर पैसे वाचले. नाहीच झालं, तर आई-वडिलांपैकी एकाने मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन एकाच गोंडोलात बसावं, दुसऱ्याने पुलावर उभं राहून फोटो काढावेत. बसण्याआधी दर आणि मिनिटं दोन्ही बोलून घ्या. गाण्याचे पैसे वेगळे.